अकरा टक्के जुळणी

कोल्हापूरच्या उद्यमनगरातले कारखानदार शैलजा माने यांना पाठीमागे ‘उलटतपासणी बाई’ म्हणत, आणि शैलजाबाईंना ते चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे काय, मनातून आवडतही होतं. बावीस वर्षं त्या सहकारी बँकेच्या या शाखेत पडताळणीच्या टेबलावर बसत होत्या आणि बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही रक्कम चुकीच्या खात्यात गेली नव्हती. कुणी नव्या खात्याचा नंबर घेऊन आला की त्या आधी त्याला समोर बसवत. नंबर कुणी दिला, तोंडी दिला की ईमेलनं आला, पूर्वीचा का बदलला. मग ईमेलात लिहिलेल्या फोनवर नव्हे, जुन्या बिलावर छापलेल्या फोनवर स्वतः फोन लावत. घाईत असलेलं गिऱ्हाईक चडफडत बसे. पण असल्या चडफडणाऱ्यांपैकी दोघे दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले होते, आणि ती गोष्ट शैलजाबाई नव्या कारकुनांना न विचारता सांगत.

पुढे बँकेत ‘पारख’ नावाची यंत्रणा आली. ती येण्याचं कारण असं की कुणाचाही आवाज आणि कुणाचाही चेहरा पाच मिनिटांत हुबेहूब करून देणारी यंत्रं गल्लीबोळात झाली. फोनवर खुद्द मालक बोलतोय असं वाटे, व्हिडिओवर तोच हसे, आणि पैसे जात भलत्याच्या हातात. नाव जुळतंय का एवढं बघून भागेना. नाव खरं, खातंही खरं, फक्त ते चालवणारा माणूस बदललेला. तेव्हा शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. माणसाचा चेहरा उचलता येतो, पण त्याची चाल उचलता येत नाही. चाल म्हणजे पायांची नव्हे, वागण्याची. बोट काचेवर किती दाबतं, बोलताना दोन शब्दांत किती थांबतो, आकडा टाकल्यावर तो किती वेळा वाचतो, पहिला चहा किती वाजता घेतो, कुणाचा फोन उचलतो आणि कुणाचा टाळतो, अशी चार हजार बारीक मापं. ती एका ठिकाणी साठवलेली नसत, म्हणून चोरायला काही नव्हतं. ज्याच्या त्याच्या फोनमध्येच त्यांचं गणित होई आणि बाहेर येई तो एकच आकडा. खात्याचा मूळ मालक आणि आज खात्यावर बसलेला माणूस, यांची जुळणी इतके टक्के. पैसे निघण्याआधी पाठवणाऱ्याला हिरवा, पिवळा किंवा लाल रंग दिसे.

फसवणूक जवळजवळ थांबली. पण पारखेला एक गोष्ट समजत नव्हती, ती म्हणजे माणूस बदलतो. हळूहळू बदलला तर ती सांभाळून घेई. एकदम बदलला की मात्र तिचा गोंधळ उडे. नवरा गेलेल्या बाया तीन-तीन महिने पिवळ्या दिसत. पहिलटकरणी बाळ रात्रभर झोपायला लागेपर्यंत पिवळ्या. असल्यांची प्रकरणं शैलजाबाईंच्या टेबलावर येत आणि त्या ती निगुतीनं सोडवत. यंत्र आलं तेव्हा बाईंची खुर्ची जाणार म्हणून ज्या कारखानदारांनी खुशीनं चहा मागवला होता, त्यांना नंतर त्याच खुर्चीपुढे रांगेत उभं राहावं लागलं.

त्या सोमवारी सव्वाएक वाजता मात्र पडद्यावर जे लाल प्रकरण आलं, ते बघून शैलजाबाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

पैसे पाठवणारे बुधले, मोठे पंप बनवणारे कारखानदार. घेणारा, दिगंबर महादेव सुतार, पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा. कारण, चौदा लाकडी पॅटर्नच्या कामाची आगाऊ रक्कम. जुळणी, अकरा टक्के. खाली लिहिलं होतं की खात्यावरचा इसम मूळ खातेदार नसावा. दोन प्रयत्न लाल झाले होते. तिसरा लाल झाला की खातं परकं ठरून नव्वद दिवस चौकशीला जाणार. आणि त्याखाली, खातं उघडताना ओळख देणारी व्यक्ती: कुमारी शैलजा महादेव सुतार.

शाखेत कुणालाच माहीत नव्हतं की लग्नाआधी शैलजाबाई सुतार होत्या. आणि त्यांना भाऊ आहे हे तर मुळीच नाही. तीस वर्षांपूर्वी बँकेत लागल्यावर त्यांनी उघडलेलं पहिलं खातं या धाकट्या भावाचं होतं, तेव्हा तो वीस वर्षांचा होता आणि वडिलांच्या, म्हणजे आबांच्या हाताखाली रंधा मारत होता. पुढे बाटली लागली. सहा वर्षांपूर्वी आबांच्या तेराव्याला तो झोकांड्या खात आला, पंगतीत पडला, आणि शैलजाबाईंनी चार लोकांसमोर सांगितलं की आजपासून मला भाऊ नाही. बोललेला शब्द त्यांनी नेहमीप्रमाणे पाळला.

त्या उठल्या आणि शाखाधिकारी हसबनीसांच्या केबिनमध्ये गेल्या.

“हे प्रकरण माझ्याकडे नको,” त्या म्हणाल्या. “यातला ओळख देणारा साक्षीदार मीच आहे.”

हसबनीस हे नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा वर केला, पण नातं विचारलं नाही. “मग प्रकरण मी हाताळतो. साक्षीदार म्हणून मात्र तुम्हीच लागणार, मॅडम. वीस वर्षांची ओळख आणि दहा वर्षं न तुटलेली हिरवी नोंद, या दोन्ही अटींत बसणारं दुसरं कुणी पारखेला सापडलेलं नाही. खातेदाराला विचारलं तर त्यानं साक्षीदाराचा रकाना मोकळाच सोडलाय.”

“बुधले काय म्हणतात?”

“त्यांचा दोनदा फोन आला. चारपर्यंत रक्कम गेली नाही तर काम बेळगावच्या माणसाला देणार. रोखीनं द्यायला कायद्याची बंदी. दुसऱ्या कुणाच्या खात्यावर घे म्हणाले, तर तो नको म्हणाला.” हसबनीसांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “तुमच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, वागणूक तात्पुरती बदलली आहे. आजारपण वगैरे. यात तुमच्यावर काही येत नाही आणि आजची रक्कमही जाते. तीस दिवसांत माणूस पूर्वीसारखा वागायला लागला पाहिजे, नाहीतर खातं पुन्हा लाल. दुसरा, वागणूक कायमची बदलली आहे. तिथे वर्षाची हमी लागते. वर्षभरात तो पुन्हा जुन्या चालीवर गेला, तर साक्षीदारानं खोटी ओळख दिली असं धरतात. पडताळणीच्या टेबलावर पुन्हा बसता येत नाही.”

“म्हणजे त्यानं दारू सोडली असेल आणि पहिल्या पर्यायानं गेलं, तर महिन्याभरात त्यानं पुन्हा प्यायला लागलं पाहिजे.”

“यंत्राला प्यायचं कळत नाही, मॅडम. त्याला एवढंच कळतं की हा पूर्वीचा नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिलाच घेतला असता. तीस दिवसांचं तीस दिवसांनी बघता आलं असतं.”

शैलजाबाईंनी घड्याळ बघितलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, पर्स उचलली आणि बाहेर पडल्या. आबांची शेड बँकेपासून पाच मिनिटांवर होती. सहा वर्षं त्या गल्लीत जायचं टाळायला त्या रोज मोठा वळसा घालून घरी जात होत्या.

शेडचं दार उघडं होतं. दिगंबर पाठमोरा उभा राहून पटाशीला धार लावत होता. केस पिकले होते आणि पाठ सरळ झाली होती. चाहूल लागून तो वळला, पटाशी खाली ठेवली आणि हात पुसत उभाच राहिला.

“आक्का,” तो म्हणाला. “बस.”

“बसाय न्हाई आलो.” या गल्लीत पाय ठेवला की शैलजाबाईंची बँकेतली मराठी आपोआप गळून पडे आणि इकडच्या बायकांचं ‘आलो-गेलो’ तोंडात येई. “कवा सोडलास?”

“दोन वर्सं झाली. पयलं चौदा म्हैनं गारगोटीकडं दारू सोडवायच्या केंद्रात हुतो. फोन काढून घेत्यात तिथं. मग शेड उघडली. फोन हातात घेतल्यावर त्योच मला वळखंना.” तो किंचित हसला. “त्याचं बी बरोबर हाय म्हणा.”

“मला कळवलं का न्हाईस?”

“कुठल्या तोंडानं कळवू? आबाच्या तेराव्याला जे केलो, त्याच्यावर बोलण्याजोगं काय असतंय व्हय?”

“आणि साक्षीदाराचा रकाना? माझं नाव ठावं हुतं की तुला.”

“तुझं नाव तिथं लिवायचा हक्क न्हवता मला. दुसऱ्याच्या खात्यावर पैसं घे म्हणालं बुधले. त्ये बी नगं म्हणालो. आबाच्या शेडातलं काम हाय. माझ्या नावावर आलं तर येऊ दे, न्हाईतर बेळगावला जाऊ दे.”

शैलजाबाईंना राग आला. त्या रागातच त्यांना बरंही वाटलं, कारण हा ताठा आबांचा होता, आणि थोडा त्यांचा स्वतःचाही. पण ताठ्यावर वर्षाची हमी देता येत नाही. पिणारे सोडतात आणि पुन्हा धरतात, हे त्यांनी आपल्याच घरात चारदा पाहिलं होतं. चारही वेळा आबांनी विश्वास ठेवला होता.

मधल्या बाकावर फडक्याखाली काहीतरी झाकून ठेवलं होतं. त्यांनी फडकं काढलं. पंपाच्या शंखासारख्या कवचाचा लाकडी पॅटर्न होता तो, सागवानी, पॉलिश केलेला, दोन फूट लांब. थ्रीडी प्रिंटरवर छापलेले साचे आले तरी एकाच मापाचे शेकडो नग ओतायचे तर अजून लाकडाचाच पॅटर्न लागतो, आणि असला वळणदार पॅटर्न हातानं करणारे आता कोल्हापुरात चार-पाचच उरले होते.

“पयला नग हाय,” दिगंबर म्हणाला. “पंधरा दिस झालं होऊन. धाडला न्हाई अजून.”

“का?”

“मोजायला दुसरा हात न्हाई.”

आबांच्या शेडचा तो दंडक होता. ज्यानं केलं त्यानं मोजायचं नाही. आपली चूक आपल्या डोळ्याला सरावलेली असते, म्हणून दुसऱ्यानं मोजायचं, आणि बरोबर निघालं तर बुडाला पेन्सिलीनं आपलं नाव घालायचं. दिगंबर शिकाऊ होता तेव्हा त्याचे नग शाळेतून आलेली शैलजा मोजायची. आणि दिगंबरची शेवटची बदनामीही त्यातूनच झाली होती. आबा गेल्यावर प्यालेल्या हातानं त्यानं एक पॅटर्न केला आणि कुणाला न दाखवता धाडून दिला. एकशे ऐंशी नग ओतून झाल्यावर कळलं की सगळे आखूड. त्यानंतर उद्यमनगरानं त्याला दार दाखवलं.

त्यांनी पर्स खुंटीला लावली, पदर खोचला. “कागद दे. पट्टी दे.”

दिगंबरनं नकाशा पसरला. पट्ट्या बाकाच्या कडेला पडल्या होत्या, त्यातली एक त्यांनी उचलली आणि मोजायला सुरुवात केली. पहिलं माप तोंडाचा व्यास. कागदावर तीनशे मिलिमीटर, पट्टीवर तीनशे तीन. त्यांनी पुन्हा लावून बघितलं. तीनशे तीनच. मग लांबी. कागदावर सहाशे, पट्टीवर सहाशे सहा. तिसरं माप, चौथं माप, सगळीच मोठी. त्यांनी वर बघितलं नाही. इतकी वर्षं मन घट्ट केलं होतं, ते एका दुपारीत सैल सोडलं याचा त्यांना संताप आला. पहिला पर्याय घ्यायचा आणि मोकळं व्हायचं, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

“आक्का,” दिगंबर हलकेच म्हणाला, “पट्टी बदल.”

त्यांनी हातातली पट्टी उलटी करून बघितली. साधी होती. कुठल्याही दुकानात मिळते तसली.

पॅटर्नवाल्याच्या घरातल्या पोरीनं करू नये अशी चूक त्यांनी केली होती. ओतलेलं लोखंड निवताना आकसतं, शंभराला साधारण एक. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा, आणि त्याचं गणित डोक्यात करावं लागू नये म्हणून पॅटर्न मेकर वेगळीच पट्टी वापरतो, श्रिंकेजची. तिच्यावरच्या खुणाच शंभराला एक वाढवून कोरलेल्या असतात. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्या. दारूच्या धुंदीत दिगंबरनं तेव्हा साधी पट्टी धरली होती आणि एकशे ऐंशी नग भंगारात गेले होते. आज शुद्धीत असलेल्या, बावीस वर्षांत एकदाही न चुकलेल्या पडताळणी अधिकारी शैलजा माने यांनी तीच धरली होती.

दिगंबर हसला नाही. टोमणाही मारला नाही. श्रिंकेजची पट्टी त्यानं आपल्या शर्टाला पुसून त्यांच्यापुढे ठेवली आणि चहा टाकायला गेला. सहा वर्षांपूर्वीच्या दिगूनं या एका चुकीवर आयुष्यभर थट्टा केली असती.

हसल्या त्या शैलजाबाई. बाकाला टेकून एकट्याच हसल्या, आणि मग डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. तीनशेला तीनशे. सहाशेला सहाशे. शंखाच्या वळणावर सोळा ठिकाणी जाडी मोजायची होती, त्या सोळाही ठिकाणी कॅलिपर बरोबर त्याच आकड्यावर थांबला. वळण इतकं सफाईदार होतं की बोट फिरवताना जोड कुठे आहे ते कळत नव्हतं. आबांच्याही हातून असं वळण क्वचित निघालं असेल, आणि हे मान्य करताना त्यांना कुणाचा कमीपणा वाटला नाही. हा माझ्या भावाचा हात आहे, असं त्यांना ओरडून कुणालातरी सांगावंसं वाटलं आणि शेडमध्ये सांगायला कुणी नव्हतं.

पाऊण तास लागला. मग त्यांनी नग उलटा केला आणि बुडाला पेन्सिलीनं नाव घातलं. दिगंबर दोन्ही हातांत कप धरून बघत होता. हात स्थिर होते. कपातला चहा हिंदकळत नव्हता.

“मी बँकेत जातो,” त्या म्हणाल्या.

“आक्का, नोकरीवर काय यील असं करू नगंस. साक्षीदाराच्या रकान्याखाली लिवलंय सगळं. पयला पर्याय घे.”

“मला शिकवू नगंस,” त्या म्हणाल्या आणि चहा उभ्यानंच पिऊन निघाल्या.

साडेतीनला त्या हसबनीसांच्या समोर बसल्या. काचेपलीकडे दोन कारकून कान टवकारून होते. पडद्यावर दोन्ही पर्याय आले. हसबनीसांनी पहिल्यावर बोट नेऊन वाट बघितली.

“दुसरा,” शैलजाबाई म्हणाल्या.

“मॅडम, निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत तुमची. एका माणसाच्या वर्षभराच्या वागण्यावर तुम्ही ती लावताय. आणि तो माणूस जुन्या नोंदीवरून...” त्यांनी सभ्यपणे वाक्य सोडून दिलं.

“जुन्या नोंदी खऱ्याच आहेत. त्या चुकल्या असं मी म्हणतच नाही. दुसरा घ्या.”

हसबनीसांनी घेतला. पारखेनं साक्षीदाराचं विधान स्वतःच्या आवाजात मागितलं. शैलजाबाई ताठ बसल्या आणि समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं सावकाश, स्पष्ट बोलल्या.

“खातेदार दिगंबर महादेव सुतार याला मी जन्मापासून ओळखते. हा पूर्वी दारू पीत असे. आता पीत नाही. पूर्वीच्या माणसाशी हा अकरा टक्के जुळतो असं यंत्र म्हणतं, ते बरोबर आहे. त्या अकरा टक्क्यांत याचा हात आहे, आणि तो आमच्या वडिलांकडून आलेला आहे. बाकीचं यानं स्वतः बदललं आहे आणि ते बदललेलंच राहील, अशी मी हमी देते. आज मी याचं काम मोजून पाहिलं. कामात चूक नाही. मोजताना चूक माझी झाली होती, ती यानं दाखवली.”

पुढचा प्रश्न आला. साक्षीदाराचं खातेदाराशी नातं.

“थोरली बहीण,” शैलजाबाई म्हणाल्या.

काचेपलीकडच्या एका कारकुनाचा स्टेपलर खाली पडला. पडद्यावर ‘थांबा’चं चक्र फिरत राहिलं, बराच वेळ फिरत राहिलं, आणि मग दिगंबरच्या नावापुढचा लाल ठिपका हिरवा झाला. हसबनीसांनी बुधल्यांना फोन लावला. तीन वाजून बावन्न मिनिटांनी तिसरा प्रयत्न झाला आणि रक्कम गेली.

चार मिनिटांनी शैलजाबाईंचा फोन वाजला. पलीकडे दिगंबर होता.

“आक्का,” तो म्हणाला. “आलं. आणि तू बोललेलं बी आलंय, लिवून. नियमानं धाडत्यात म्हणं खातेदाराला.”

“वाचलास?”

“दोनदा.” त्यानं नाक ओढल्याचा आवाज आला. “येवढं कशाला बोललीस गं?”

“जे मोजलो ते बोललो. रडत बसू नगंस आता. वखार पाचला बंद हुती, लाकूड आणाय जा. आणि दुसरा नग झाला की सांग. परस्पर धाडलास तर बघ.”

“न्हाई धाडत,” तो म्हणाला.

फोन ठेवून त्या आपल्या टेबलाकडे निघाल्या, तेव्हा हसबनीसांनी त्यांना थांबवलं. ते जरा अवघडले होते.

“मॅडम, हमी देणाऱ्याचं नाव वर्षभर शाखेच्या पडद्यावर लागतं. येणारा-जाणारा प्रत्येक जण वाचणार. नातं झाकायची सोय आहे. रकान्यात नुसतं ‘परिचित’ असं टाकता येतं. टाकू?”

शैलजाबाईंनी दाराजवळच्या मोठ्या पडद्याकडे बघितलं. पैसे भरायला आलेले तीन-चार कारखानदार तिथे उभे होते. सगळे उद्यमनगरातले, सगळे दिगंबरला ओळखणारे, त्याला दार दाखवणाऱ्यांपैकीच.

“नको,” त्या म्हणाल्या. “बहीणच राहू दे. आणि अक्षर थोडं मोठं करता येतं का ते बघा.”